रोल्लातल्या वडाचं स्मारक

शारजातल्या रोल्ला भागाला नाव पडलं ते एका जुन्या वडावरून. तो वड आम्ही तिथे जाण्याच्या बराच आधी मेला होता आणि चौकात त्याचं स्मारक उभं होतं. नव्वदच्या दशकात शुक्रवारच्या सुट्टीला आपल्याकडची शेकडो माणसं तिथे नुसती बसलेली असत. एकाच खोलीत राहणारे तो आणि मी, आम्ही दोघंही बसायचो. चौघांच्या खोलीत जे बोलता येत नसे, ते त्या गर्दीत बोलता यायचं.

स्मारक मला त्यानेच दाखवलं. "हा बघ वड. पारंबी नाही, सावली नाही." मग हळूच म्हणाला, "बरंच झालं. खरा असता तर तू वटपौर्णिमेला दोरा घेऊन आला असतास."

"आणि उपास तू धरला असतास."

"छे! मला शुक्रवारी बिर्याणी लागते."

तो ड्राफ्ट्समन होता. मी एका आयात कंपनीत पत्रव्यवहार सांभाळायचो. शतक संपता संपता दुबईत एका घरी जमलेल्या पुरुषांवर धाड पडली, त्यात तो सापडला. काही आठवडे तुरुंगात ठेवून त्याला परस्पर विमानात बसवलं. मी चौकशीला गेलो नाही. 'तुम्ही त्याचे कोण?' हाच पहिला प्रश्न आला असता. ज्या देशात त्याला परत पाठवलं, तिथेही तेव्हा तो गुन्हाच होता.

त्याचं सामान आम्ही खोक्यात भरलं. खोलीतले सर्वांत मोठे, रत्नागिरीचे, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, ते सुतळी आवळत म्हणाले, "घरच्यांना सांगायचं, व्हिसा खलास झाला. कळलं ना सगळ्यांना?" आम्ही माना डोलावल्या. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या कॉटवर साताऱ्याचा एक जण आला.

दोन वर्षांनी त्याच्या भावाचा फोन आला. काविळीचं निमित्त झालं होतं. फोन काकांनी घेतला. "चांगला पोरगा होता रे," ते मला म्हणाले, "तुझं त्याच्याशी जमायचं." त्यानंतर टीव्ही थोडा वेळ बंद राहिला.

ऑफिसात परदेशी मासिकं येत. त्यांतल्या बायकांचे उघडे खांदे सरकारी तपासनिसाने काळ्या मार्करने झाकलेले असत. एका अंकात हॉलंडमधल्या एका शहराचा फोटो होता. कालव्याच्या काठावर गुलाबी दगडाचा मोठा त्रिकोण होता आणि त्याच्या पाण्यात शिरलेल्या टोकावर फुलं ठेवलेली होती. खाली लिहिलं होतं की पुरुषाने पुरुषावर किंवा बाईने बाईवर प्रेम केलं म्हणून ज्यांना सरकारांनी छळलं, तुरुंगात टाकलं, मारलं, त्यांचं हे स्मारक. तपासनिसाने फोटो तसाच ठेवला होता. त्याला त्यात नुसता दगड दिसला असावा.

मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसलो. तिथे कुणालाही भर दिवसा, सगळ्यांसमोर, आपल्या माणसासाठी फूल ठेवता येत होतं. फूल ठेवणाऱ्याला नातं विचारणारं कुणी नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी रोल्लात मोगऱ्याचा गजरा घेतला. केरळी दुकानदाराने ओळखीने हसून विचारलं, "क्या बात है! भाभी आ गयी?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

स्मारकासमोर एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यांचं आटपेपर्यंत मी आमच्या बाकावर टेकलो. गजरा हातात मऊ पडायला लागला, म्हणून शेजारी, तो बसायचा तिथे ठेवला. कुटुंब गेलं तरी मी उठलो नाही.

कामाच्या कपड्यातला एक पठाण आला. बाकाकडे, गजऱ्याकडे बघून म्हणाला, "भाई, यहाँ कोई बैठा है?"

"हाँ," मी म्हणालो, "मेरा आदमी है."

त्याने मान हलवली आणि तो दुसरीकडे जागा शोधायला गेला. सूर्य बुडून मग्रिबची बांग होईपर्यंत मी ती जागा कुणाला दिली नाही.