दाराला कडी न घातलेली बाई

कवितेवरून आम्ही नवरा-बायको भांडायचो असं सांगितलं की लोक हसतात. मिठावरून भांडावं, सासूवरून भांडावं, टीव्हीच्या रिमोटवरून तर घराघरात जुंपते, पण कवितेवरून? आम्ही भांडायचो बाई. एकदा-दोनदा नाही, संसार होता तोवर भांडलो. आणि कविता तरी किती? एकच. शंभर कवितांवर शंभर भांडणं केली असती, तर निदान मला रसिक तरी म्हणवून घेता आलं असतं.

आमचे हे मळवलीला एक बंगला सांभाळायचे. शेट मुंबईचे. बंगल्याच्या मागं दोन खोल्या आम्हाला दिलेल्या, आणि गावात दिरांबरोबर वाट्यानं भातशेती. मी पुण्यात वाढले. मराठी घेऊन बी.ए. करत होते, शेवटच्या वर्षाला लग्न झालं आणि ते वर्ष राहिलं ते राहिलंच. हे दहावीपर्यंत शिकलेले, तेही ‘कसाबसा ढकलला मास्तरांनी’ असं स्वतःच सांगायचे. मी खोलीपुढच्या ओट्यावर दहावीच्या मुलांची मराठीची शिकवणी घ्यायचे. अजूनही घेते.

एका दिवाळीनंतर शेटकडचे पाहुणे जाताना एक दिवाळी अंक वेताच्या टेबलावर टाकून गेले. त्यात ती कविता होती. कवीचं नाव मी तेव्हाही लक्षात ठेवलं नाही, फार ऐकलेलं नव्हतं. कविता लहानशी. एक बाई आहे. संध्याकाळ झालीय. तिनं भात शिजवलाय, दिवा लावलाय, कुत्र्याला घास घातलाय. चपला पायरीवर आहेत. आणि शेवटी ती म्हणते, दाराला मी अजून कडी घातलेली नाही. बस्स, संपली. कोण येणार, कोण जाणार, का, कुठं, एक अक्षर नाही.

मी ती मोठ्यानं वाचली. हे टाकीची मोटर चालू करून ओट्यावर टेकले होते. वाचून झाल्यावर मी सुस्कारा टाकला आणि म्हटलं, "निघाली बिचारी."

"कोन निघाली?"

"ही बाई. घर सोडून चाललीय."

"कुटं चाललीय? वाट बगतीय ती कुनाची तरी."

"अहो, चपला पायरीवर काढून ठेवल्यात तिनं, निघायच्या तयारीत."

"मंग कुटं ठेवायच्या चपला? देवघरात?"

इथून जे सुरू झालं ते झालं. मी म्हटलं, जाणारी बाई आधी मुक्या जनावराचं बघते, मागं त्याला कोण घास घालणार? म्हणून कुत्रा कवितेत आलाय. ह्यांनी मान हलवली. "तसं न्हाई. कुत्र्याला आदी खायला घातलं की ते गप पडून ऱ्हातं. पावनं आल्यावर भुकत न्हाई. आपन काय करतो?" खरंच, शेटची गाडी यायची असली की हे आमच्या कुत्र्याला आधी भाकरी घालायचे. मग मला म्हणाले, "आन जायाचंच आसंल तर भात कशाला शिजवला तिनं?"

"मागं राहणाऱ्यांसाठी," मी म्हटलं.

 ह्यावर हे उठून मोटर बंद करून आले आणि म्हणाले, "मला वाटतं, ती बी बंगलाच सांभाळत आसंल. शेटचा फोन आला आसंल, येतो म्हनून."

मला हसू आवरेना. "बरं, मग शेट कुठं आहेत?"

"घाटात आडाकलं आसतील. शनवार आसंल."

आता हे कुणालाही हास्यास्पद वाटेल. पण बंगला सांभाळणाऱ्या माणसाला येणाऱ्याचं कसं असतं ते मी रोज पाहत होते. शुक्रवारी फोन यायचा, उद्या येतोय. की हे चादरी बदल, गीझर लावून बघ, सिलिंडर हलवून बघ, बागेतला पाचोळा उचल, अशा कामाला लागायचे. फाटक नुसतं लोटून ठेवायचं, कुलूप नाही. शेटना गाडीत बसून हॉर्न वाजवत राहावं लागू नये म्हणून. आणि चारातल्या दोन वेळा तर शेट यायचेच नाहीत. रात्री उशिरा मेसेज, रद्द झालं. मी चिडायचे. एवढा भात, एवढी भाजी, आता कोण खाणार? ह्यांचा राग म्हणून नाही. "आलं आसतं तर?" एवढंच म्हणायचे आणि जेवायला बसायचे. अशा माणसाला उघडं दार दिसलं की कुणीतरी येणार, दुसरं काही सुचायचंच नाही.

तिकडे शिकवणीत माझं वेगळंच चाललेलं. दहावीला रसग्रहण लिहायचं असतं. गाइडमध्ये तयार मिळतं; कवीला काय म्हणायचं आहे, ते तीन परिच्छेदांत, अलंकारासकट. मी मुलांना सांगायचे, परीक्षेत ते लिहा बाबांनो, मार्क त्यालाच आहेत, आणि घरी जाताना मला सांगा तुम्हाला काय दिसलं. एकदा मी त्यांना आमची कविता वाचून दाखवली. एक मुलगी म्हणाली, बाई, कडीच मोडली असेल, आमच्याकडची मोडलीय. ह्यांनी ते खिडकीतून ऐकलं आणि आठवडाभर मला चिडवलं. "तुज्यापेक्शा ती पोरगी हुशार हाय. उगं कुनाला घराभायेर काढत न्हाई."

पण मी माझा हेका सोडला नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं हे माझ्याबद्दल म्हणायचे आणि मी ह्यांच्याबद्दल. भाताची लावणी असो, गणपती असो, मध्येच कधीतरी ठिणगी पडायची. बांधावर बसून भाकरी खाताना हे एकदम म्हणायचे, "पन दिवा लावलाय ना तिनं?" कोणी असं पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोघं शेजारच्या बाईबद्दल बोलताहेत. शेवटी आम्ही तिला ‘आपली बाई’च म्हणायला लागलो.

मला ती निघालेली का दिसायची, ते आज लपवण्यात अर्थ नाही. निघणं माझ्याच पोटात होतं. मळवलीहून पुण्याकडे लोकल सुटली की काम करता करता माझा हात थांबायचा. पुणं काही सातासमुद्रापार नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, आणि तसं मी माहेरी जायचेही. पण मला तसं जायचं नव्हतं. मला ते राहिलेलं वर्ष पुरं करायचं होतं, कुठल्यातरी कॉलेजात शिकवायचं होतं, संध्याकाळी माझ्यासारख्या चार बायांबरोबर चहा पीत पुस्तकांवर बोलायचं होतं. ह्यांचा काही जाच नव्हता हो. देवमाणूस. पण माणूस चांगला असला म्हणून मनातली ओढ थोडीच विझते? हे सगळं मी कधी बोलले नाही. कवितेतल्या बाईबद्दल मात्र तावातावानं बोलायचे.

हे ऐकायचे. भांडण निवलं की हळूच एखादा प्रश्न टाकायचे. "समज, गेली. मंग ऱ्हाईल कुटं ती?"

"कविता तिथं संपलीय हो."

"तरी पन?"

"मला काय माहीत!"

मग पुन्हा कधीतरी, गवत कापता कापता: "परत यील का पन?"

"अहो, कागदावरची बाई आहे ती! तुम्ही काय तिला घरी आणून बसवणार आहात?"

मला वाटायचं, हे मला डिवचताहेत. किंवा ह्यांना कविता कशी वाचायची ते कळत नाही. कवितेत नसलेलं विचारत बसतात. मी तर शिकवणीत मुलांना बजावून सांगायचे, ओळीत जे आहे त्याला धरून बोला. ह्यांना ते कितीदा सांगितलं. ह्यांचं आपलं तेच. राहील कुठं, खाईल काय, परत येईल का.

मग ह्यांना दम लागायला लागला. आधी चढावर, मग पायरीवर, मग बसल्या जागी. लोणावळ्याचे डॉक्टर झाले, तळेगावचे झाले. फुप्फुसं गेलीत, म्हणाले, औषधानं आराम पडेल तेवढा. मी बाज ओट्यावर आणून टाकली, तिथून ह्यांना बंगल्याच्या कडेनं फाटक दिसायचं. मोटर, कुत्रा, बाग, सगळं मी बघू लागले. हे बाजेवरून सूचना द्यायचे आणि मी ऐकल्यासारखं करायचे.

एके दुपारी माझं तांदूळ निवडणं चाललेलं. हे म्हणाले, "ती आपली बाई म्हन की."

अंक काढायची गरज नव्हती, कविता मला तोंडपाठ. मी म्हटली. हे डोळे मिटून ऐकत होते. मी तयारीत, आता म्हणतील, वाट बगतीय ती. तर हे म्हणाले, "तुजंच बराबर हाय. निघालीच हाय ती."

मी निवडता हात थांबवला. "काय म्हणालात?"

"जाऊ दे तिला. लय दिस झालं, आडाकलीय हितं. आता तिला कोन आडवनार? जाऊ दे."

 माझ्या तोंडातून राग निघाला, माझं ते नेहमीचंच. म्हटलं, असं कसं? एवढी वर्षं माझ्याशी हुज्जत घातलीत आणि आता माघार? आणि मग मी भांडायला लागले. ह्यांच्या बाजूनं! कुत्र्याला घास घातलाय, का? तर तो भुंकू नये म्हणून. भात शिजवलाय तो गरम आहे, जाणारी बाई गरम भात टाकून जाईल कशाला? चपला पायरीवरच असतात सगळ्यांच्या. ह्यांनी मला सुनावलेलं एकेक मी ह्यांना परत सुनावलं, आवाज चढवून. फाटकाबाहेरून जाणारा कुणी थांबला असता तर त्याला वाटलं असतं, आजारी माणसावर बाई काय ओरडतेय.

हे ऐकत होते. दम खात खात म्हणाले, "मंग न्हाई जानार ती?"

"नाही."

"नक्की?"

"जायचं असतं तर केव्हाच गेली असती. दार उघडंच होतं की."

बोलून गेले आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. राहील कुठं, परत येईल का, आता कोण अडवणार. बाई कागदावरची होती, प्रश्न कागदावरचा नव्हता. मी ओळीला धरून बसले होते, आणि हा माणूस इतकी वर्षं मला धरून वाचत होता. मला रडू कोसळलं. ह्यांनी हात पुढं केला, तो माझ्यापर्यंत पुरेना, मग मीच सरकले. "मंग बरं," हे म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "आता च्या टाक."

भात काढणीच्या आधी हे गेले. शेटनी मला इथंच राहायला सांगितलं, जमेल तेवढं बघा म्हणाले. शिकवणी चालू आहे. पोटापाण्याची ददात नाही.

कुसगावात काही बाया आणि निवृत्त मंडळी महिन्यातून एकदा जमतात. पुस्तकांवर बोलतात, चहा पितात. माझ्या शिकवणीतल्या एका मुलीच्या आईनं आग्रह केला म्हणून गेल्या महिन्यात गेले. तरुणपणी ज्या संध्याकाळसाठी मी झुरले, ती हीच की. प्रत्येकानं एक कविता म्हणायची होती. मी आमची म्हटली. मग चर्चा. एक बाई म्हणाल्या, ती नवऱ्याची वाट पाहतेय. दुसऱ्या म्हणाल्या, छे, ती घर सोडतेय, मुक्त होतेय. एक आजोबा म्हणाले, ही मृत्यूची वाट आहे. मी कंबर कसून उतरले. म्हटलं, घर सोडतेय हे साफ चूक. आणि कुत्र्यापासून सुरुवात केली. चांगली बोलले. माझं बोलून झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी म्हणालं, "किती सुंदर विचार! प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि सगळेच बरोबर, नाही का? कवितेत चूक-बरोबर काही नसतंच." घर सोडतेय म्हणणाऱ्या बाईंनीही मान डोलावली आणि माझ्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली.

माणसं चांगली होती. पण मला तिथून उठून पळावंसं वाटलं. सगळेच बरोबर! अहो, सगळेच बरोबर असतील तर मी घसा कुणासाठी फोडला? त्या बाईंनी माझ्याशी भांडायला हवं होतं. त्या घर सोडण्यात त्यांचं स्वतःचं काही अडकलेलं असतं, तर त्या भांडल्या असत्या.

परत येताना रिक्षात मी ह्यांच्या वतीनं माझ्याशीच भांडून पाहिलं. आजकाल ते रोजचंच झालंय. ह्यांचा आवाज आठवतो, ‘मंग’ म्हणण्याची लकब आठवते, सगळी जुनी वाक्यं पाठ आहेत. पण तीच तीच किती दिवस फिरवणार? हे प्रत्येक वेळी काहीतरी नवं काढायचे, माझ्या स्वप्नातही येणार नाही असं, आणि मी उसळायचे. मला न सुचणारं बोलणारं एकच माणूस होतं माझ्या आयुष्यात. आता मला जे सुचत नाही, ते मी कुठून आणू?