एका तारखेला मी गेले नाही

मला तेलुगू येते ती कल्याणजवळच्या मोहन्याच्या चाळीमुळे. आई आणि वडील दोघंही कामावर जायचे, तेव्हा मला शेजारच्या खोलीत ठेवायचे. त्या घरातली बाई आंध्रातल्या महबूबनगरकडची. ती मला भरवायची, झोपवायची, रागवायची, सगळं तिच्या भाषेत. शाळेत जायला लागले तोवर ती भाषा मला मराठीइतकीच यायला लागली होती. पुस्तकातली नव्हे, बांधकामावर घमेली वाहणाऱ्या माणसांची.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा मी लग्न होऊन कळव्यात राहत होते. मुलगी चार वर्षांची होती. नवरा डोंबिवलीतल्या एका लहानशा कारखान्यात रोजंदारीवर होता, त्याला टीबी झाला आणि खाडे वाढले तशी नोकरी गेली. मी साड्यांना फॉल लावून द्यायचे. त्यावर भाडं, दूध आणि त्याची औषधं भागत नव्हती. अशात माहेरच्या ओळखीचे एक वकील म्हणाले, "तुला तेलुगू येतं ना? कोर्टात दुभाषी मिळत नाहीत. फी मिळेल, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल. सरकारी काम आहे."

सरकारी काम म्हटल्यावर मी हो म्हटलं. कोर्ट कोणतं ते लिहीत नाही. आमच्या भागात दोन-तीन होती आणि सगळीकडे तेच चालायचं.

पहिल्या दिवशी मला शपथ दिली. ऐकीन ते तसंच सांगेन, पदरचं घालणार नाही, काही गाळणार नाही. समोर पिंजऱ्यात एक बाई उभी होती, माझ्याच वयाची. डोंबिवलीत एका इमारतीच्या कामावर ती मजूर होती. कामावरच्या झोपड्यांना आग लागली आणि शेजारच्या झोपडीतली बाई जळून मेली. दोघींचं पाण्यावरून भांडण झालेलं सगळ्यांना माहीत होतं. हिनेच आग लावली, असा खटला होता. नवरा आधीच वारलेला. जामीन द्यायला कुणी नाही, म्हणून ती दीड वर्ष तुरुंगात. माझ्या आधी कोर्टाने आणलेल्या दुभाष्याचं तेलुगू तिला नीट कळत नव्हतं आणि तिचं त्याला. मी पहिलं वाक्य बोलले तशी तिने दचकून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "अक्का, तू कुठल्या गावची?"

जजसाहेबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काम सुरू झालं.

त्या दिवशी संध्याकाळी मी पहिलं बिल केलं. कोर्टाचा हिशेब सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला नाझर म्हणतात. आमचे नाझर निवृत्तीला आलेले, शुद्ध बोलणारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी छापील फॉर्म दिला. तीन प्रती करायच्या, हजर असल्याचा दाखला शिरस्तेदारांकडून, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाकडून, सही करून आणायचा, पावतीवर रेव्हेन्यू स्टॅम्प लावायचा. मी सगळं केलं. तीन आठवड्यांनी बिल लाल शाईने परत आलं. 'प्रवासाचे तिकीट जोडलेले नाही.'

तिकीट जोडणार कुठून? परतीचं पुठ्ठ्याचं तिकीट कळवा स्टेशनच्या दारात टीसी काढून घ्यायचा. पुढच्या वेळी मी त्याला म्हटलं, "तिकीट मला राहू दे, कोर्टाच्या बिलाला लावायचंय." तो म्हणाला, "मग मी काय लावू?" तेव्हापासून मी तिकिटाचा नंबर तळहातावर लिहून घ्यायला लागले आणि बिलात तो नंबर उतरवायला लागले. मग शेरा आला, रिक्षा मंजूर नाही. मग आला, माहेरचा पत्ता नोंदीत आहे, कळव्याहून प्रवास कसा? त्याचा वेगळा अर्ज दिला.

सगळ्यात वाईट शेरा तारखांचा होता. मी सकाळी अकराला हजर व्हायचे, कधी साक्षीदार नसायचा, कधी वकील, कधी आरोपीला आणायला पोलीसच नसायचे. दुपारी तारीख पडायची. मी दाखला घ्यायला गेले की शिरस्तेदार म्हणायचे, "भाषांतर झालंच नाही, तर फी कसली?" मी म्हणायचे, "साहेब, मी आलेय ना." ते म्हणायचे, "आलात ते खरंय." आणि पुढची फाईल उघडायचे.

सात महिन्यांत मला एक पैसा मिळाला नाही. नाझरांकडे मी इतक्या वेळा गेले की ते मला पाहून पाण्याचा ग्लास पुढे करायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुमचे पैसे मी अडवतो असं समजू नका. वरून ग्रँटच आलेली नाही. मार्चनंतर बघू."

मार्च झाला. नवऱ्याची औषधं संपली होती. दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या गोळ्यांपैकी दोन जातीच्या संपल्या होत्या आणि त्या बाहेरून घ्यायला सांगितल्या होत्या. खंड पडू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याला चार दिवस खंड पडला होता. तो भिंतीकडे तोंड करून झोपायचा. मुलगी खोकली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

अशात कोर्टाची तारीख आली. त्या दिवशी आरोपीचा जबाब होता, म्हणजे सगळे साक्षीदार झाल्यावर जज स्वतः आरोपीला विचारतात, तुला काय सांगायचंय. आदल्या दिवशी ठाण्याच्या एका साडीच्या दुकानातून निरोप आला. लग्नाची मोठी ऑर्डर आहे, दिवसभर दुकानात बसून फॉल-पिको करायचं, संध्याकाळी पंचवीस रुपये हातात.

नवरा म्हणाला, "कोर्टात जायला हवं ना तुला?"

मी म्हटलं, "जाऊन काय होणार? तारीखच पडणार."

आणि मी दुकानात गेले. पंचवीस रुपये घेतले, येताना गोळ्या घेतल्या. त्या रात्री मला छान झोप लागली, हेही सांगायला हवं.

तारीख पडलीच, पण ती मी नव्हते म्हणून पडली. मग ते जज बदलून गेले, नवे यायला वेळ लागला, मग सुट्टी लागली. पुढची तारीख चार महिन्यांनी आली. त्या दिवशी मी साडेदहालाच जाऊन बसले. तिला आणलं. ती वाळली होती. नवे जज स्थिरावले, मला पुन्हा शपथ दिली, आणि पहिला प्रश्न विचारायच्या आधीच ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पानं बागलेदा अक्का?"

"काय म्हणते?" जजसाहेबांनी विचारलं.

गाळायचं नाही अशी शपथ एका मिनिटापूर्वी घेतली होती. मी म्हटलं, "ती मला विचारतेय, गेल्या तारखेला तब्येत बरी नव्हती का."

जजसाहेब म्हणाले, "मग सांगा तिला. ते लिहून घ्यायला नको."

मी तिला म्हटलं, "हो, बरं नव्हतं."

तिने समजल्यासारखी मान हलवली.  मग प्रश्न सुरू झाले. मुख्य प्रश्न मुकादमाच्या साक्षीवरचा होता. मुकादम त्यांच्यातलाच, पण मुंबईत वाढलेला. त्याने मराठीत सांगितलं होतं की आग विझल्यावर ही रडत 'मीच आग लावली' असं म्हणाली. जजसाहेबांनी तिला विचारलं, असं म्हणालीस का?

ती म्हणाली, हो, म्हणाले. 'मंट' मीच लावली, म्हणजे चूल मीच पेटवली. भात टाकायचा होता. वारा सुटला आणि ठिणगी ताडपत्रीवर गेली.

मी ते सांगितलं तसे सरकारी वकील उठले. "साहेब, दुभाषी शब्द बदलतायत. साक्षीत 'आग लावली' आहे."

जजसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, त्यांच्या बोलीत शब्द एकच आहे. चूल पेटवली तरी तोच, आग लावली तरी तोच. ती चुलीचं बोलतेय."

जजसाहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मी सांगितलं ते सगळं टायपिस्टला सावकाश सांगून लिहून घेतलं.

आठ दिवसांनी निकाल लागला. ती सुटली. मीच तिला तिच्या भाषेत सांगितलं की तू आता मोकळी आहेस. ती हसली नाही. तिने विचारलं, "म्हणजे आज?" कागदपत्रं होऊन दुसऱ्या दिवशी सोडणार होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कल्याणच्या तुरुंगाच्या दारात जाऊन उभी राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं, याचं बिल होणार नव्हतं. ती एक पिशवी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "मला डोंबिवलीला ने. माझी पोर तिथे आहे."

तिला सहा वर्षांची मुलगी आहे, हे मला तेव्हा कळलं. कोर्टात तिला ते कुणी विचारलंच नव्हतं.

आम्ही त्या इमारतीशी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. इमारत पूर्ण झाली होती. गॅलऱ्यांना ग्रिल लागल्या होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. झोपड्या होत्या तिथे फरशी टाकून स्कूटर लावल्या होत्या. वॉचमन म्हणाला, "ते लोक गेले की. तीन महिने झाले." कुठे गेले? "मुकादम नेईल तिथे. कुणी म्हणतं पनवेलकडे, कुणी म्हणतं गुजरात." बिल्डरच्या ऑफिसात गेलो. तिथला माणूस म्हणाला, मुकादमाचा पत्ता आम्ही ठेवत नाही. ती त्या फरशीवर एका स्कूटरला टेकून बसली. वॉचमनने उठवलं नाही.

मी तिला कळव्याला घरी आणलं. नवऱ्याने आपली चादर तिला दिली. जेवताना ती हळूहळू बोलायला लागली. मजुरांच्या टोळीतली एक म्हातारी तिच्या मुलीला सांभाळत होती. दर तारखेला ती मुलीला कोर्टाच्या आवारात आणायची आणि आई पोलिसांच्या गाडीतून उतरली की मुलगी तिला लांबून दाखवायची. माझ्या गैरहजेरीच्या तारखेलाही आणलं होतं. त्या दिवशी म्हातारी ओरडून म्हणाली होती, स्लॅब संपले, महिन्याभरात मुकादम उठवेल, तोवर सूट. पुढच्या तारखेला मुलगी आली नाही.

मी मनात मोजलं. जबाबानंतर निकालाला आठ दिवस लागले होते. टोळी उठायला महिना होता.

मी ताट बाजूला सारलं आणि तिला सांगितलं, "त्या दिवशी मी आजारी नव्हते. मी ठाण्याला एका दुकानात कामाला गेले होते."

ती भात कालवत राहिली. मग विचारलं, "किती दिले?"

"पंचवीस."

"बरे दिले," ती म्हणाली. आणि जेवायला लागली.

ती आमच्याकडे सहा दिवस राहिली. आम्ही रोज निघायचो. मुंब्रा, दिवा, मोहने, जिथे बांधकाम दिसेल तिथे मजुरांना विचारायचो. कुणालाच काही माहीत नव्हतं. सातव्या दिवशी ती म्हणाली, गावी जाते, म्हातारी कदाचित पोरीला घेऊन गावी गेली असेल. मी कानातले गहाण टाकून कल्याणहून तिला गाडीत बसवलं. माझा पत्ता कागदावर लिहून दिला. ती पायांना हात लावायला वाकली, तेव्हा मी मागे सरले. मला ते सहन झालं नसतं.

दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. गावातल्या कुणा मास्तराकडून लिहून घेतलेलं, तेलुगूत. मी ती भाषा बोलते, पण मला त्यातलं अक्षर वाचता येत नाही. कार्ड घेऊन मी मोहन्याला गेले. माझ्या लहानपणच्या शेजारणीने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. म्हातारी गावी पोचलीच नव्हती. मुलीचा पत्ता नव्हता. ती आता हैदराबादला जाणार होती, तिथे मोठमोठी कामं चालली आहेत, तिथे शोधेन. खाली लिहिलं होतं, अक्काची तब्येत कशी आहे.

मी उत्तर लिहून घेतलं आणि मास्तराच्या पत्त्यावर टाकलं. त्याचं उत्तर आलं नाही. दुसऱ्या पत्राचंही आलं नाही.

नवरा बरा झाला. मी पुढे बरीच वर्षं त्या कोर्टांत दुभाष्याचं काम केलं. बिलं तशीच परत यायची, तशीच अडकायची, आणि मी तळहातावर नंबर घेऊन ती भरत राहायचे. तारीख मात्र एकही चुकवली नाही. माणसाला पिंजऱ्यात उभं केलं की मी आधी हळूच विचारून घ्यायचे, बाहेर तुझं कोण आहे, आणि ते कुठे राहतं. ते माझं काम नाही, असं एका जजसाहेबांनी मला एकदा सुनावलंही. मी माफी मागितली आणि पुढच्या माणसालाही तेच विचारलं.