लहान मेंदू

मुलगी पोटात होती तेव्हा ह्यांनी कानाला खडा लावला आणि दारू सोडली. ती मुलगी आता कॉलेजात जाते. एवढी वर्षं शब्द पाळणाऱ्या माणसावर मी एका दुपारी विश्वास ठेवला नाही.

कडोदऱ्याच्या लूम खात्यातली यंत्रमागावरची पाळी संपवून हे आले, ते गल्लीच्या तोंडापासूनच झोकांड्या खात. मी ओट्यावर साडीला लेस लावत बसले होते. पर्वत पाटियाकडची आमची गल्ली सगळी खानदेशी, कुणाच्या घरात काय शिजतंय तेही चारचौघांना ठाऊक. त्यात गुजरातेत दारूबंदी, म्हणजे पिणारा दुप्पट चोर. मी ह्यांना दंड धरून आत ओढलं, कडी लावली, खिडकीही लोटली. आत येताच ह्यांना उलटी झाली.

“चक्कर यी ऱ्हायनी वं,” हे म्हणाले. जीभ इतकी जड, की शब्द धड लागत नव्हते.

“तुम्हले लाज वाटस नही का?” मी म्हटलं. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असंही बोलले. ह्यांनी भिंत धरून नुसती मान हलवली. मला ती कबुली वाटली. जवळ जाऊन तोंडाचा वास घेतला असता तरी कळलं असतं, पण किळस आली म्हणून मी लांबच उभी राहिले. लिंबूपाणी पाजलं आणि झोपू दिलं. सकाळी ह्यांना उठून बसताही येईना, तेव्हा शेजाऱ्यांची रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टरांच्या टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा नमुना होता. तो उघडून ते मला समजावू लागले. पुढच्या भागात विचार आणि निर्णय, कानांच्या बाजूला ऐकणं आणि आठवणी, मागे नजर, खालच्या देठात श्वास. आत खोल बदामाएवढा भाग, तिथे भीती. माझा तो नारळाएवढा असणार. आणि मागे, मानेच्या जरा वर, लहान मेंदू. तोल तो सांभाळतो, पाऊल आणि जीभही तोच ताळ्यावर ठेवतो. ह्यांची तिथलीच रक्तवाहिनी बंद पडली होती.

“लोग समझते हैं कि पिया हुआ है,” डॉक्टर म्हणाले. “कल ही लाना था.”

“और बडा दिमाग?” मी विचारलं.

“बिलकुल ठीक. सब सुनते थे, सब समझते थे.”

ही चांगली बातमी होती, आणि ती ऐकून मला तिथे उभं राहवेना. आठवण तपासायला डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, परवा डब्यात काय होतं? “गिलकानी भाजी,” हे अडखळत म्हणाले. “मीठ कमी व्हतं.” खरंच कमी पडलं होतं.

आता हे माझा खांदा धरून चालतात. रस्त्यात कुणी टक लावून बघायला लागलं की मीच आधी सांगते, “बीमार छे.” घसा खरवडून सांगते. पण ज्यांना ‘चुकलं’ सांगायचं होतं त्या ह्यांच्यापुढे बरेच दिवस तोंड उघडलं नाही.

शेवटी एकदा दाढी करून देताना विचारलंच, “त्या दिवशी मी काय काय बोलले, ते ऐकलं होतं ना?”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. “माले काहीच याद नही.”

पीत होते तेव्हासुद्धा हे माझ्याशी कधी खोटं बोलले नव्हते.