आधी पढंत

तबला मी निवडला तो तोंड उघडावं लागू नये म्हणून. गाणं शिकायचं म्हणजे आवाज आला, आणि पेटी शिकायला बसलो तर मास्तर आधी 'सा' लावायला सांगणार. तबल्याचं त्या मानाने बरं. हात चालतात, मान डोलते, माणूस गप्प राहू शकतो. मला गप्प राहण्याची सोय हवी होती, कारण मी लहानपणापासून अडखळत बोलतो. क आणि त ही दोन अक्षरं तर माझी खास वैरी. माझं नाव क पासून सुरू होतं, ही घरच्यांची कृपा.

अडखळणाऱ्याचा दिवस अक्षरं चुकवण्यात जातो. पनवेलच्या मासळी बाजारात उरणकडच्या करंजा गावची एक कोळीण मावशी बसायची. मला कोलंबी जीव की प्राण, पण वर्षानुवर्षं मी बांगडेच आणले, कारण ब सुटतो. पुढेपुढे मावशी मला विचारायचीही नाही. "बांगडंच ना? माईत हाय मना," म्हणत ती पिशवीत टाकून मोकळी व्हायची. लोक चांगले असतात, फक्त माझं वाक्य पुरं करायची त्यांना फार घाई असते. सगळ्यात जास्त घाई माझ्या आईला. मी कुठे अडकलो की ती पुढचा शब्द हजर करायची, आणि तो नव्वद टक्के बरोबर असायचा, त्यामुळे जास्तच राग यायचा. पण रागावून बोलायचं म्हटलं तरी शब्द लागतातच.

तबल्याच्या क्लासला फोनही तिनेच केला. दोन हजार सालानंतरची चार-दोन वर्षं असतील. आम्ही मुंबईहून नवीन पनवेलला राहायला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि मी बेलापूरला एका कंपनीत नुकता चिकटलो होतो. सर जुन्या पनवेलमधले, कोकणी मुसलमान. बरीच वर्षं कुवेतला दुकानात काढून परत आले होते आणि घराच्या पुढच्या खोलीत शिकवत होते. आई 'आमच्या मुलाला शिकवाल का' असं म्हणाली, त्यामुळे त्यांनी बारकासा पाट मांडून ठेवला होता. दारात मिशा असलेला मी आणि मागे आई. सर आमच्या मागे रस्त्यावर बघत म्हणाले, "बच्चा कुठंय?"

त्यांनी नाव विचारलं. मी क वर अडकलो आणि आईने नाव सांगून टाकलं. सरांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बसायला सांगितलं.

खोलीत माझ्या निम्म्या वयाची चार-पाच पोरं बसली होती आणि कोणाच्याच पुढ्यात तबला नव्हता. तबल्याची जोडी कोपऱ्यात झाकून ठेवलेली. "आधी पढंत," सर म्हणाले. पढंत म्हणजे हाताने टाळी देत तबल्याचे बोल तोंडाने म्हणायचे. ते पक्के झाल्याशिवाय तबल्याला हात लावायचा नाही. गप्प बसायला म्हणून आलो आणि नेमका इथे येऊन पडलो. त्यातून पहिलाच बोल 'धा धा तिरकिट', म्हणजे त आणि क दोघेही एकाच शब्दात ठाण मांडून.

पोरांचं झालं, माझी पाळी आली. सरांची टाळी चालूच होती. मी डोळे मिटले आणि म्हटलं. तिरकिट आलं. कुठेही न अडकता, नळाचं पाणी यावं तसं. मी इतका दचकलो की पुढचं म्हणायचंच विसरलो.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

काय झालं ते मलाही समजून घ्यायचं होतं. त्यानंतरचे कित्येक महिने मी त्याच नादात होतो. जी जीभ तिकीट मागताना बसमध्ये लोळण घ्यायची, तीच तिरकिटवरून सुसाट कशी जाते? रिक्षात, अंघोळीला, ऑफिसात टेबलाखाली बोटं वाजवत मी प्रयोग करत होतो. एकदा मासळी बाजारात मांडीवर ताल धरून 'को-लं-बी' असं म्हणून पाहिलं. जमलं. मावशीने हातातला कोयता खाली ठेवला. "काय रं, भजनात जायाला लागलास काय?" आजूबाजूच्या सगळ्या जणी हसल्या. पण "किती" म्हणायची वेळ आली तेव्हा ताल सुटला, गाडं पुन्हा रुतलं, आणि मावशीने नेहमीप्रमाणे मदत केली. तरी त्या दिवशी घरी कोलंबी आली.

सरांना कारण विचारलं. अर्थात अडखळत, पण ते मधे बोलत नसत. माझा प्रश्न पुरा झाल्यावर म्हणाले, "मला काय ठाऊक? मी तबला शिकवतो, डॉक्टर थोडाच आहे. बोल म्हणताना तू फिकीर करत नसशील." हे मला मुळीच पटलं नाही. मात्रा चुकेल म्हणून मी घामाघूम होत होतो. मला वेगळंच दिसत होतं. बोल म्हणताना समोरच्याला घाई करता येत नाही. सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येईल तेव्हाच येणार, तोवर सरांनाही थांबावं लागतं. हे खरं की खोटं, अजून सांगता येत नाही.

मग गुरुपौर्णिमा आली. सरांकडे ती दरवर्षी व्हायची, एका शाळेचा हॉल घेऊन. रिवाज असा की शिकणाऱ्याने माइकसमोर बसून कानाच्या पाळीला हात लावत सरांचं नाव घ्यायचं, मग स्वतःचं, मग पढंत करून वाजवायचं. पढंतीची मला भीती नव्हती. भीती होती ती नावाची. कोलंबीऐवजी बांगडा घेता येतो, नावाऐवजी काय घेणार? तालात म्हणून पाहिलं तर ते माझं नावच वाटेना. शेवटी सरांना म्हटलं, माझं नाव तुम्हीच जाहीर करा.

"नाही," ते म्हणाले. "ज्याचं त्याने घ्यायचं."

त्या संध्याकाळी आई शेजारणींना घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. मी कान धरला, सरांचं नाव सहज आलं. मग माझं. क वर जीभ चिकटली ती चिकटलीच, आणि माइकमुळे ते सगळ्या हॉलला ऐकू जात होतं. समोर आईचे ओठ उघडताना मला दिसले. बाजूला बसलेल्या सरांनाही ते दिसले असावेत, कारण त्यांनी तिच्याकडे बघून नुसता तळहात वर केला. आईने पदर तोंडावर धरला. पंख्यांचा आवाज येत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण उठून जायला जागा नव्हती आणि पुढे करायला दुसरं माणूस नव्हतं.

नाव आलं. दोन तुकड्यांत, मधे आचका देऊन, अगदी कुरूप. पण आलं. मग मी पढंत केली, वाजवलं, एके ठिकाणी चुकलो. ती चूक सरांशिवाय कोणाला कळली नाही.

परतताना रिक्षात आई बाहेर बघत होती. मी म्हटलं, रागावलीस का? तिने मान हलवली.

"तुझं नाव मी ठेवलं," ती म्हणाली, "आणि तुझ्या तोंडून ते पुरं आज पहिल्यांदा ऐकलं." मग म्हणाली, "पुन्हा घे ना."

मी पुन्हा क वर अडकलो. रिक्षा घरापाशी येऊन थांबली, तरी ती काही न बोलता माझ्याकडे बघत बसून राहिली.