अर्जापायी राखलेला खार

मी शेतकीचा बी. एजी. झालो तेव्हा पुढं काय करायचं याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. वडील बारामतीला कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या पाटाला किती वेळ पाणी सोडायचं, हे बघत त्यांचं अर्धं आयुष्य बांधावरून चालण्यात गेलं होतं. मुलानं शेतकी खात्यात चिकटावं, सायकलवरून हिंडावं, लोकांनी त्याला साहेब म्हणावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मला मात्र एम. एजी. करायची होती. त्यामागं काही थोर हेतू नव्हता. मला प्रयोगशाळा आवडायची. काचेच्या नळीत माती ढवळून ठेवली की ती थराथरानं खाली बसते, ते बघत मी जेवणाची वेळसुद्धा विसरायचो.

पुण्याच्या शेतकी कॉलेजातले आमचे मातीचे प्राध्यापक माणूस चांगले, पण बोलायला सडेतोड. मी विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला उभंच ठेवलं.

"नुसतं मातीचा अभ्यास करणार असं लिहून अर्ज मंजूर होत नाही," ते म्हणाले. "विषय लागतो, जमीन लागते, मालकाची लेखी संमती लागते. तुम्ही कालव्याकडचे ना? मग खार घ्या. जमिनीत खार कसा चढतो आणि कसा पसरतो, ते कुणीतरी नीट मोजायला हवंय. पण जमीन आहे तशी राहिली पाहिजे. चर काढायचा नाही, धुऊन काढायची नाही. निदान वर्षभर. अशी जमीन कोण देईल तुम्हाला?"

"बघतो, सर," मी म्हणालो.

खरं तर बघायचं काही नव्हतं. ते बोलत होते तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर अक्काच्या घरचं रान उभं राहिलं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. इंदापूर तालुक्यात कळंबच्या अलीकडं तिला दिलेली. कालव्याचं पाणी आल्यावर त्या बाजूच्या लोकांनी हौसेनं ऊस लावला, पाणी भरभरून दिलं. काही वर्षांनी जमिनीखालचं पाणी वर आलं आणि येताना खार घेऊन आलं. दाजींच्या मधल्या रानात मिठासारखा पांढरा थर दिसायला लागला होता. आधी ऊस पिवळा पडला, मग ज्वारीही उगवेना. त्यावर उपाय एकच, खोल चर खणायचा आणि ते पाणी ओढ्याला काढून द्यायचं. त्या उन्हाळ्यात दाजी तेच करणार होते, हे मला ठाऊक होतं. अक्कानं मागच्या दिवाळीतच सांगितलं होतं.

दौंडहून छोट्या आगगाडीनं मी बारामतीला आलो. वडिलांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ पायांतल्या वहाणा काढत बसले.

"माझ्या हद्दीत खाराची रानं रग्गड हायती," ते म्हणाले, "पर परक्याला कुठल्या तोंडानं सांगू, की बाबा, तुझी जिमीन बरी करू नकोस म्हणून? आणि आपल्या माणसाला तरी कसं सांगायचं, ते तुझं तू बघ."

मी सर्व्हिस मोटारीनं निघालो आणि पुढं चालत अक्काच्या रानात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ओढ्याच्या बाजूनं चराला सुरुवात झाली होती. दाजी आणि त्यांचे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, दोघं चरात उतरले होते. दाजींच्या कमरेपर्यंत खोल झाला होता तो. मधल्या रानाच्या उताराला अक्काचा भाजीचा वाफा होता. वांगी, गवार, कडेला मिरच्या. ती भाजी ती स्वतः इंदापूरच्या बाजारात नेऊन बसायची. घरात तो वाफा तिचाच समजला जायचा. त्यात काय लावायचं हे दाजीसुद्धा तिला विचारत.

"आलं पाव्हणं!" दाजी चरातूनच ओरडले. "घ्या खोरं हातात. शिकलेल्या माणसाचा पायगुण लागू दे चराला."

अक्का भाकरी घेऊन आली. बाभळीखाली आम्ही जेवायला बसलो. मी भाकरीचे नुसते तुकडे मोडत बसलो. अक्कानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि म्हणाली, "काय झालंय? बोल की."

मी बोललो. सर काय म्हणाले ते, अर्जाचं, संमतीचं, वर्षभर चर न खणण्याचं. बोलताना मी त्या तिघांकडं न बघता भाकरीकडं बघत होतो. माझं सांगून संपलं. मग आबांनी विचारलं, "म्हंजी आजारी जिमीन आजारीच ठिवायची? आणि तू नुसता बघणार?"

"मोजणार," मी म्हणालो. मला माझीच लाज वाटली.

"जमणार नसलं तर नाही म्हणा," मी घाईनं पुढं म्हणालो. "मी नोकरी धरीन. काही अडलं नाही."

तेव्हा अक्का बोलली. "न्हाय का म्हणायचं? रान पडीकच हाय. एक वरीस आणखी पडीक ऱ्हायलं तर काय आभाळ कोसळतंय? मी सगळ्या गावाला सांगून बसलीया, माझा भाऊ मातीचा डॉक्टर हुनार म्हणून."

दाजी हात धुऊन आले. त्यांनी मला एकच विचारलं. "पाव्हणं, खार खालच्या वाफ्यात उतरंल का?"

पुस्तकांतून मी वाचलं होतं की खार पसरायला वर्षं लागतात. पण वाफ्याच्या वरच्या कडेला, बांधाच्या पोटात, ओलसर काळपट पट्टा मी येतानाच बघितला होता. जिथं आज असं काळं ओलं दिसतं तिथं पुढं पांढरं फुटतं, हेही मी वाचलं होतं.

"लगेच नाही उतरणार," मी म्हणालो.

दाजींनी मान हलवली. जेवण झाल्यावर ते चरात उतरले, आतली खोरी आणि टिकाव वर काढले, खांद्यावर टाकले आणि घराकडं चालू लागले. आबा त्यांच्या मागं गेले. मला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी बांधाच्या पोटातला तो काळा पट्टा डोळ्यांसमोर आला. दोन्ही एकदमच झालं.

अर्जाला जमिनीचा उतारा जोडायचा होता आणि माझ्या वर्तणुकीच्या दाखल्यावर मामलेदारांची सही हवी होती. त्यासाठी दाजी माझ्याबरोबर इंदापूरला आले. मी नको म्हणत होतो. "जिमीन माझी, सही माझी, मग मी नको व्हय?" म्हणाले. मामलेदार फिरतीवर गेलेले. आम्ही कचेरीच्या आवारात लिंबाखाली दिवसभर बसून होतो. दाजींनी धुतलेला सदरा आणि लग्नातला फेटा घातला होता. कारकुनानं कागद वाचला, पुन्हा वाचला आणि हसला.

"खारानं गेलेल्या रानावर कसली पदवी हो?"

"मोठी हाय," दाजी म्हणाले. "पुण्या-मुंबईला बी लई थोड्यांना मिळती. आमचा मेव्हणा हाय."

कारकून उठून उभा राहिला नाही, पण त्याच्या बोलण्यात फरक पडला. संध्याकाळी मामलेदार आले, सही झाली. दाजींनी संमतीपत्रावर स्वतःचं नाव लिहिलं. शाळेत दुसरीपर्यंतच गेलेले, पण नाव झोकात काढायचे. त्यांचं होईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तो कागद फाडून टाकावा असं मनात आलं. मी फाडला नाही. दुसऱ्या दिवशी अर्ज टपालात टाकला.

जूनमध्ये प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. वडिलांनी आळीत साखर वाटली. आई रडली. मी पुण्याला गेलो.

दर दोन-तीन महिन्यांनी मी माती काढायला यायचो. गिरमिटानं वेगवेगळ्या खोलीवरची माती काढायची, कापडी पिशव्यांत भरायची, पुण्याला नेऊन तपासायची. पावसाळ्यात खार खाली दबला, रान काळंभोर दिसायला लागलं, आणि मला वाटलं, सुटलो. दिवाळीनंतर आलो तर मधलं रान पुन्हा पांढरं झालं होतं. आणि बांधाच्या अलीकडं, अक्काच्या वाफ्यात, वरच्या दोन सऱ्यांतल्या वांग्यांची पानं कडेनं करपली होती.

"कीड हाय बहुतेक," अक्का म्हणाली. तिनं राख टाकली होती त्यांच्यावर.

ती कीड नव्हती. मी तिला तसं सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि मी माती भरत होतो त्या पिशवीचं तोंड धरून उभी राहिली.

त्या पिशव्या तपासल्यावर आकडे असे आले की सर खुर्चीवरून उठले. "वा! सरकतोय. एका हंगामात इतका सरकतोय, हे आपल्याकडं अजून कुणी दाखवलेलं नाही. तुमचं नशीब चांगलं आहे." त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. वसतिगृहावर परतताना मी शीळ घालत होतो. मुठा नदीच्या पुलावर आल्यावर करपलेली पानं आठवली आणि शीळ थांबली. मी कठड्याला टेकून उभा राहिलो. माझा जो आकडा चांगला होता, तो तिचा वाफा मरत असल्याचा आकडा होता. ही गोष्ट मला कळत नव्हती असं नाही. पण तोवर ती अशी समोर येऊन उभी राहिली नव्हती.

मी सरांना विचारलं, चर खणू दिला तर? ते म्हणाले, "खणा. पण मग विषय बदलला. पुन्हा नव्यानं अर्ज, वर्ष गेलं." मी विषय बदलला नाही. आणखी एक खेप तशीच माती काढून नेली.

उन्हाळ्याच्या तोंडाला गेलो तेव्हा अक्का वाफ्यावर नव्हती. वाफ्यात काहीच नव्हतं. सऱ्या मोडून गेल्या होत्या आणि वर पांढरी पापडी आली होती. मी वाटेनं पुढं गेलो तर शेजारच्या उसात खुरपणीला बायका लागल्या होत्या, रोजानं. त्या ओळीत अक्का होती. मला बघून तिनं हात वर केला, खुरपं धरलेलाच, आणि शेजारणीला काहीतरी म्हणाली. शेजारणीनं माझ्याकडं बघून डोक्यावरचा पदर नीट केला. भाऊ आलाय, तो शिकलेला, हेच सांगितलं असणार. तिला कसलीच लाज नव्हती. मला मात्र त्या बांधावर उभं राहवेना.

मी घरी गेलो, पडवीतला टिकाव घेतला, आणि अर्धवट राहिलेल्या चरात उतरलो. त्याच्या कडा ढासळल्या होत्या, तळात गवत माजलं होतं. दाजी धावत आले.

"पाव्हणं, काय चाललंय?"

"चर खणायचा. आजपासून. मी पुन्हा अर्ज करीन."

दाजी काही बोलायच्या आत अक्का आली. रानातूनच तिनं बघितलं असणार. खुरपं अजून हातात होतं. ती माझ्यावर कधी चिडलेली मी बघितली नव्हती. त्या दिवशी चिडली.

"वर ये," म्हणाली. "आधी वर ये. आता मागं फिरतूस? मग माझी वांगी गेली ती काय फुकट गेली?"

मी टिकाव खाली ठेवला. मी चरात, ती काठावर.

"अक्का, मी दाजींना सांगितलं होतं, लगेच नाही उतरणार म्हणून. मला तेव्हाच वाटत होतं की—"

"ठावं हाय मला तुला काय वाटत हुतं. तू भाकरीकडं बघून बोलत हुतास, तवाच कळलं हुतं. म्हणून तर मी बोलले, न्हायतर ह्येंनी न्हाय म्हणलं असतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "घाण्याला जुपलेला बैल बी मधीच सुटत न्हाय. पुरं कर तुझं."

शेवटी दाजींनीच तोड काढली. मधलं रान माझं राहू द्यायचं, पावसाळ्यापर्यंत, अर्जात लिहिल्याप्रमाणं. पण बांधाला धरून, वाफ्याच्या वरच्या अंगाला, एक आडवा चर काढायचा, म्हणजे खार आणखी खाली तरी सरकणार नाही. तो आम्ही तिघांनी मिळून काढला, आबा काठावर बसून सूचना देत होते. माझ्या हातांना फोड आले. अक्कानं त्यांना हळद-तेल लावलं, आणि मला ते सहन होईना म्हणून मी हात ओढून घेतला.

आडव्या चरामुळं माझ्या शेवटच्या आकड्यांत खंड पडला. परीक्षकांनी तोंडी परीक्षेत विचारलंच, की हे मध्येच का बदललं. मी म्हणालो, मालकाला भाजी लावायची होती. ते हसले. पदवी मिळाली.

प्रबंध पुरा झाला त्या उन्हाळ्यात दाजींनी मोठा चर तडीला नेला. तीन-चार वर्षांत मधल्या रानात ज्वारी चांगली यायला लागली, कडेला ऊसही. वाफा मात्र लवकर सुधारला नाही. अक्का पुन्हा वांगी लावू लागली, पण बाजारात नेण्याजोगी टोपली भरायला बराच काळ गेला, आणि तोवर ती रोजानं जात राहिली. मी तेव्हा खात्यात लागलो होतो आणि साहेब झालो होतो.

प्रबंधाची टंकलिखित प्रत मी एकदा दाखवायला नेली. पडवीत सगळे जमले. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, म्हणून मी पहिलं पान मराठीत सांगितलं. सरांचे आभार, कॉलेजचे आभार, आणि जमिनीचे मालक म्हणून दाजींचं नाव. दाजींनी ते नाव बोटानं चाचपून बघितलं. आबांनीही बघितलं.

अक्का दाराला टेकून ऐकत होती. "आणि माझा वाफा कुठं हाय त्यात?" तिनं विचारलं.

मी पानं उलटली. वाफा होता. पुष्कळ ठिकाणी होता. त्याला मी "उताराकडील भाग" म्हटलं होतं, आणि तो कुणाचा हे कुठंच लिहिलं नव्हतं. लिहायचं सुचलंच नव्हतं.

"हा बघ," मी एका तक्त्यावर बोट ठेवून म्हणालो.

तिनं वाकून त्या आकड्यांकडं नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत. "लई काम केलंस की रं," म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.