कडेच्या माणसांसाठी अठ्ठावीसची लेन्स

दिल्लीकर मंडळी, आज दुपारी चांदनी चौकात जाऊन बाबांच्या जुन्या रोलच्या कॅमेऱ्याला वाइड लेन्स घेतली. अठ्ठावीस मिलिमीटरची, जास्त रुंद दृश्य मावणारी.

सोबत आमच्या मराठी मंडळाचे फोटो काढणारे काका होते. "पन्नासचीच राहू दे गं, चेहरे कसे नीट येतात," ते म्हणाले. दुकानदारानेही री ओढली, "मॅडम, वाइड में किनारेवाले लोग मोटे आते हैं."

अच्छा? दरवर्षी मंडळातले आम्ही सगळे बस करून पानिपतच्या लढाईच्या स्मारकाला, काला अंबला, जातो. पहाटे उठून बसमधल्या सगळ्यांच्या पुऱ्या आम्ही चौघी बायका लाटतो. तिथे डबे आवरून येईपर्यंत ग्रुप फोटोसाठी मधोमध फेटेवाले पुरुष उभे असतात, आम्हाला उरते ती कड. पन्नासच्या लेन्समध्ये कड मावत नाही आणि काका मागे सरकत नाहीत, कारण मग फेटे बारीक दिसतात. गेल्या वर्षीच्या फोटोत माझं फक्त कोपर आलंय, यार!

"मोटे ही सही, आएँगे तो," असं दुकानदाराला सांगून मी लेन्स तिथेच कॅमेऱ्याला चढवली.

तुमच्या ग्रुप फोटोत कोण कापलं जातं, सांगा बरं.

आणि काका, तुम्ही हे वाचताय, ठाऊक आहे मला. यंदा टायमर लावून फोटो मी काढणार. मधोमध आम्ही चौघी, कडेला तुम्ही. थोडे जाड याल, पण याल.