देवीचा मुखवटा आणि घालणारा

खून-दरोड्यांचे तपास केले, बक्षिसंही घेतली. ते सगळं आता धूसर झालंय. डोळ्यांसमोरून हलत नाही तो लाकडाचा एक मुखवटा.

दिंडोरी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. बोहाडा जवळ आलेला. बोहाड्यात देवादिकांची सोंगं नाचतात आणि प्रत्येक मुखवटा घालण्याचा मान एकेका घराचा असतो. देवीचा मान असलेला म्हातारा डोंगराकडच्या पाड्यावरून चालत ठाण्यात आला. बायको वारलेली, मुलगा नाशिकला कंपनीत, घरात हा एकटा.

"साहेब, देवी गेली घरातून. सारं गाव माझ्या तोंडाकडं बघतंय."

मुखवट्याच्या चोरीची फिर्याद घेतली. पुढे खबऱ्याने सांगितलं, एक व्यापारी द्राक्षांच्या टेम्पोतून जुन्या मूर्ती बाहेर काढतो. नाकाबंदी लावली. क्रेटखाली, गोणपाटात देवी सापडली. व्यापारी आणि त्याचा हमाल, दोघांना ताब्यात घेतलं.

व्यापारी भलता बेरकी. म्हणे, भंगारवाल्याकडून घेतला. हमाल तर ताकास तूर लागू देईना. "मी वापीकडचा. मला काय माहीत?" दम दिला, चहा पाजला, उपयोग शून्य.

मग हवालदाराने सील लावायला मुखवटा टेबलावर पालथा घातला. कोपऱ्यातला हमाल ताडकन उठला.

"पालथी नका घालू तिला!"

वापीच्या माणसाला एवढं काय लागावं? मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो. "कुणाचा रे तू?"

तो ढसाढसा रडला. म्हाताऱ्याचाच मुलगा! "कंपनीनं काढलं, साहेब. घरी सांगायची लाज वाटली. हा शेठ म्हनला, शहरात काचेत ठेवतील, लय मान राहील तिचा." त्याने सगळं सांगितल्यावर व्यापाऱ्याचंही तोंड उघडलं.

कोर्टात धावपळ करून बोहाड्याआधी मुखवटा सुपूर्दनाम्यावर, म्हणजे खटला संपेपर्यंत मालकाने सांभाळायच्या अटीवर, सोडवला. खरं सांगतो, छाती फुगली होती माझी. म्हाताऱ्याने तो उपरण्यात गुंडाळून उराशी धरला.

"देवी दिली, लय उपकार झाले. पर माझं गुडघं गेलं, साहेब. मान दुसऱ्या घरी देता येत नाय. घालनारा तुमच्याकडं हाय."

मुलगा न्यायालयीन कोठडीत होता.

बोहाड्याच्या बंदोबस्ताला मी स्वतः गेलो. देवीची पाळी आली, संबळ घुमू लागला. म्हातारा मुखवटा मांडीवर घेऊन मोकळ्या रिंगणात एकटाच बसला. नाचलं कुणीच नाही. गावाने लांबूनच हात जोडले.

माल मालकाला पोचला की आम्ही तपास पूर्ण झाला म्हणतो. मीही तसंच लिहिलं, आणि कायद्याने ते बरोबरच होतं. पण देवी घरी गेली आणि घर रिकामंच राहिलं, हे लिहायला आमच्याकडे रकाना नसतो.

संबळ थांबला तरी म्हाताऱ्याला उठता येईना. हात द्यायला घरचं कुणी नव्हतं. ज्याने त्याचा मुलगा आत टाकला, त्याचाच हात धरून तो उठला.